होडीत पाय टाकण्याआधी

डिसेंबरातल्या सकाळी बामणोलीच्या काठावर धुकं पाण्याला असं चिकटून बसतं की पलीकडच्या डोंगराचा फक्त वरचा अर्धा भाग दिसतो. आम्ही अकराजण कोयनेच्या जलाशयापलीकडच्या वासोटा किल्ल्याला निघालो होतो. वनखात्याचा परवाना खिशात, डबे पाठीवर आणि कधी एकदा बोट सुटते याची घाई सगळ्यांच्या अंगात. नावाडी मात्र लाइफ जॅकेटांच्या ढिगापाशी उकिडवा बसलेला. एकेक उचलायचा, बक्कल लावायचा, हिसका देऊन बघायचा. दोन जॅकेटं त्याने बाजूला भिरकावली. मग आमच्याकडे वळला. आमच्यातल्या एकाने जॅकेट फोटोपुरतं अडकवलं होतं, बंद मोकळेच. नावाड्याने त्याच्या दोन्ही खांद्यांवरचे पट्टे धरले आणि खाडकन वर ओढले. जॅकेट कानांपर्यंत गेलं. मित्राचं तोंड आत, चष्मा तिरका.

"पाण्यात पडल्यावर ह्ये असंच वर जातंय, पाव्हणं. जॅकेट तरंगतंय, तुम्ही ऱ्हाताय खाली."

बंद लावून झाले, पुन्हा ओढून झालं, या वेळी जॅकेट बोटभरच हललं. एवढ्या तपासणीला माणशी पाऊण मिनिट लागलं असेल. हे प्रकरण त्या पाऊण मिनिटाविषयी आहे, आणि काठावरच उरकायच्या तशा आणखी काही गोष्टींविषयी.

सातारा-सांगलीकडच्या माणसाला पाण्याची भीती दाखवायला जाऊ नये, तो हसतो. इथली पोरं विहिरीत शिकलेली. पाठीला पत्र्याचा किंवा प्लॅस्टिकचा डबा बांधायचा, थोरल्या भावाने काठावरून ढकलायचं आणि दोन घोट पाणी प्यायल्यावर हातपाय आपोआप हलायला लागायचे. पुढे कृष्णेच्या घाटावर सूर मारणं, पूर आला की पुलावरून उडी टाकणं. या पोहण्याचा मला अभिमान आहे, मीही त्याच डब्याचा. पण विहिरीतलं पाणी जागच्या जागी असतं आणि दमलं की चार हातांवर कपार असते. पुराची कृष्णा किंवा कोयनेचा जलाशय म्हणजे वेगळं गणित. तिथे कपडे अंगावर, पायात बूट, खिशात मोबाइल, जवळ भेदरलेली दोन माणसं आणि काठ अर्धा किलोमीटरवर. अमेरिकी तटरक्षक दल दरवर्षी नौकाविहारातल्या मृत्यूंचा हिशेब छापतं. बुडून गेलेल्यांत दर दहामागे आठांहून जास्त जणांच्या अंगात जॅकेट नसतं, हे त्यात वर्षानुवर्षं दिसतं. त्यातल्या कितीतरी जणांना पोहता येत असणारच.

जॅकेट करतं तरी काय? माणसाचं शरीर पाण्याहून फारसं जड नसतंच. छातीत हवा भरलेली असली तर बहुतेक जण जेमतेम तरंगतात. अडचण एवढीच, की जे जेमतेम वर राहतं ते नाक असेल याची खात्री नसते. डोकं साधारण पाच किलोचं, आणि ते पाण्याबाहेर धरलं की तेवढा भार उरलेल्या शरीराने उचलायचा. जॅकेटवर शंभर न्यूटन असं लिहिलेलं असलं तर ते सुमारे दहा किलो उचलून धरतं, म्हणजे डोक्याचा भार वजा जाऊनही शिल्लक राहते. गोड्या पाण्यात ही शिल्लक लागतेच, कारण खारं पाणी शेकडा दोन-अडीचने जड. रत्नागिरीच्या समुद्रात सहज तरंगणारा गडी कोयनेत किंचित खाली बसतो. आणि जॅकेट उशाला घेऊन, बुडाखाली घेऊन प्रवास करणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावं, की आतला फोम दाबून दाबून चपटा झाला की त्याची उचलण्याची ताकद जाते. मोठ्याचं जॅकेट लहान मुलाला घातलं तर ते डोक्यावरून निसटतं. मुलाच्या मापाचं नसेल तर मुलाला न्यायचं नाही. माझ्या लेखी यात पर्याय नाही.

कोयनेचं पाणी हौसेच्या सहलीचं म्हणून ओळखलं जातं, पण ते आधी एका खोऱ्याचं रोजचं दळणवळण आहे. साठच्या दशकात धरण झालं, १०३ मीटर उंचीच्या भिंतीआड शिवसागर भरला आणि जावळी-महाबळेश्वरकडची गावं पाण्याच्या दोन अंगांना विभागली गेली. पलीकडच्या कांदाटी खोऱ्यात जायचं तर एकतर डोंगराला वळसा किंवा लाँच. दवाखाना, शाळा, बाजार, लग्नाचं वऱ्हाड, सगळं पाण्यावरून. तापोळ्याला तर जीपगाड्याही तराफ्यावर चढून पलीकडे जात. या लोकांना तुम्ही धाडसी म्हणालात तर त्यांना कळणार नाही कशाबद्दल बोलताय. आपण एसटीत बसतो तसे ते होडीत बसतात. पण जरा निरखून बघा. म्हातारी बाई होडीत चढते ती आधी काठ धरते, वाकूनच मधल्या फळीपर्यंत जाते आणि बसते. उभी राहून पदर सावरत नाही. पिशवी दोन पायांमध्ये ठेवते, बाजूला नाही. कुणी शिकवलेलं नसतं, पाहून पाहून अंगात भिनलेलं असतं. पर्यटक चढतो तो उभ्यानेच, एक पाय काठावर, एक होडीत, आणि हातात फोन.

या वाकण्यामागे शास्त्र आहे. होडी सरळ राहते ती वजन खाली आणि मध्ये असल्यामुळे. ती एका बाजूला कलली की त्या बाजूचं अंग जास्त बुडतं, तिथलं पाणी तिला वर ढकलतं आणि होडी परत सरळ येते. माणूस उभा राहिला की वजन वर सरकतं, परत सरळ यायची ओढ कमी होते. चारजण एकदम एका काठाला आले, समजा, मगर दिसली म्हणून (कृष्णेत भिलवडी-औदुंबराकडे ती दिसतेही), तर ती ओढ संपते आणि होडी कलते ती कलतच जाते.

याहून लबाड प्रकार आहे होडीत साठलेल्या पाण्याचा. घरी करून बघा. मोठी परात पाण्याच्या हौदात सोडा, तिच्यात चार वाट्या ठेवा, बोटाने जरा कलवा. डुलते आणि सरळ होते. आता वाट्या काढून तेवढ्याच वजनाचं पाणी परातीत ओता आणि तेवढीच कलवा. आतलं पाणी कललेल्या बाजूला धावतं, वजन तिकडेच जमतं, आणि परात काठावरून पाणी घ्यायला लागते. वाट्या जागेवर राहत होत्या, पाणी राहत नाही. म्हणून होडीत घोट्याभर पाणी दिसलं तर ते पाय भिजण्याचं प्रकरण समजू नये. पाच लिटरचा कॅन तिरका कापून त्याचं उपसणं करावं आणि ते होडीला दोरीने बांधून ठेवावं. बांधलेलं नसेल तर लागेल त्या दिवशी ते काठावर राहिलेलं असतं.

परातीवरून काहील आठवली. उसाचा रस आटवायची ती भली मोठी कढई. कृष्णा-वारणा-पंचगंगेच्या काठाला पूर आला आणि होडी मिळेना, की गुऱ्हाळावरची काहील पाण्यात उतरते. तिच्यातून म्हातारी माणसं, शेळ्या, धान्याची पोती निघाली आहेत. तिची खोड अशी, की बूड गोल, टोक नाही आणि सुकाणू नाही, म्हणून वल्हवलं की पुढे जाण्याऐवजी ती स्वतःभोवती फिरते. जुनी माणसं म्हणून तिच्यात चार डोकी बसवून बाजूने दोन पोहणारे धरून नेत, आणि संथ पाण्यातच. वाहत्या पात्रात काहील घालू नये हे त्यांना कुठल्या पुस्तकातून कळलं नव्हतं.

आता वाऱ्याकडे. शिवसागर लांबट आहे, उत्तर-दक्षिण पसरलेला, दोन्ही अंगांना डोंगर. लाट किती मोठी होणार हे तीन गोष्टींवर ठरतं: वारा किती जोराचा, किती वेळ वाहतो आणि त्याला किती लांब मोकळं पाणी मिळतं. खोऱ्याच्या लांबीने वारा सुटला तर त्याला मैलोगणती पाणी मिळतं, आडवा सुटला तर थोडंच. म्हणून त्याच दिवशी, त्याच तासाला एका फाट्यात पाणी आरशासारखं आणि वळणापलीकडे होडी उधळलेली, असं होतं. उन्हाळ्यात यात वळवाची भर पडते. सकाळ स्वच्छ, दुपारी उकाडा, तीन-चारच्या सुमाराला पश्चिमेला काळं आभाळ. पावसाच्या आधी येतो तो थंड वाऱ्याचा लोट, आणि होडी उलटवतो तो हाच, पाऊस नव्हे. अंगाला एकदम गार झुळूक लागली तर हातात फारच थोडी मिनिटं आहेत असं समजावं. वीज कडकडत असेल तर सपाट पाण्यावर सर्वांत उंच वस्तू आपण असतो, हेही त्यातच आलं.

२१ मे २०२४ ला शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात उजनीच्या पाण्यावर हेच झालं. करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे संध्याकाळच्या वेळी निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली. सहाजण गेले, त्यांत लहान मुलं होती. एकजण पोहून काठाला लागला. रोजचा मार्ग, रोजचीच बोट. रोजचेपणा हाच तिथला धोका होता असं मला वाटतं. नवख्या पाण्यावर माणूस आभाळाकडे बघतो, रोजच्या पाण्यावर घड्याळाकडे.

वारा गाठलाच तर काय करायचं, हे सांगायला सोपं आहे आणि आधी एकदा करून पाहिलेलं नसेल तर करायला अवघड. सगळ्यांनी फळीवरून उतरून होडीच्या तळाला बसायचं. होडीचं तोंड लाटेला किंचित तिरपं धरायचं, अंगावर लाट घ्यायची नाही. इंजिन बंद करायचं नाही, मंद ठेवायचं, कारण चालत्या होडीलाच सुकाणू जुमानतं. आणि जायचं तिकडे जायचा हट्ट सोडून जवळच्या आडोशाच्या काठाला लागायचं. उलटलीच तर होडी सोडायची नाही. फायबरची, लाकडाची होडी बहुधा तरंगत राहते, पालथी का होईना. काठ जवळ दिसतो, पोहता येतं, म्हणून एकटा निघालेला माणूस शोधणाऱ्यांना सापडत नाही, पालथ्या होडीला धरलेली पाच डोकी लांबूनही दिसतात. गळ्यात शिट्टी असेल तर ऐकूही येतात. दमलेल्या माणसाचा आवाज वाऱ्यात हरवतो, शिट्टीचा हरवत नाही. मुंबईच्या बाजारात ती स्वस्तात मिळते, आमच्याकडे जत्रेत.

कोयनेचं पाणी अंगावर येतं तेव्हा निदान तुम्ही स्वतःहून त्याच्याकडे गेलेले असता. पूर घरी येतो.

सांगलीत पुराचं मोजमाप आयर्विन पुलावर होतं. १९२९ साली बांधलेला हा पूल, त्याच्या खांबावरचे फुटांचे आकडे आणि जिल्ह्यातल्या प्रत्येकाला पाठ असलेल्या दोन संख्या: ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. पावसाळ्यात सकाळी चहाबरोबर ही पातळी वाचली जाते. कोयनेतून सोडलं किती, बहे पूल, ताकारी, भिलवडी, मग आयर्विन. कोयना कराडला कृष्णेला मिळते, तिथून पाणी एकेक पूल गाठत खाली येतं, त्यामुळे वरचा आकडा वाचता येणाऱ्याला खालच्या माणसाहून काही तासांची सवड मिळते. ही सवड म्हणजे पुरातली सगळ्यांत मोठी सुरक्षा-वस्तू, आणि ती फुकट आहे.

तरी २०१९ ला काय झालं? लोकांकडे आणखी एक आकडा होता, तो भिंतीवर होता. २००५ च्या महापुराची खूण. त्या वेळी आयर्विनला ५३ फुटांच्या पुढे पाणी गेलं होतं, आणि कित्येक घरांत 'इथपर्यंत आलं होतं' अशी रेघ दाखवली जायची. त्या रेघेने चौदा वर्षं धीर दिला. आपलं घर तेव्हा वाचलं, म्हणजे आताही वाचणार. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. रेघ बुडाली, रेघेवर विसंबलेली माणसं माडीवर अडकली, आणि मग सगळ्यांना एकदमच होडी हवी झाली.

कृष्णा आणि येरळेच्या संगमावर, पलूस तालुक्यात ब्रह्मनाळ आहे. ८ ऑगस्ट २०१९ च्या सकाळी तिथून बाहेर पडणाऱ्या लोकांची बोट उलटली. तीसच्या आसपास माणसं बोटीत होती, तेवढी नेण्याची तिची क्षमता नव्हती, अंगात जॅकेटं नव्हती. सतराजण गेले, बायका आणि मुलं त्यांत जास्त. याविषयी शहरातल्या बैठकीत बोलताना एक वाक्य हमखास येतं, 'एवढे बसलेच कशाला?' हे वाक्य माडीवर दोन रात्री काढलेल्या माणसाला विचारू नये. दारात एकच बोट आली आहे, पुढची फेरी येईल की नाही कुणी सांगू शकत नाही, पाणी जिन्याची आणखी एक पायरी चढलं आहे आणि कडेवर पोर आहे. त्या क्षणाला कुणीही बसेल. मीही बसलो असतो. म्हणूनच बोटीत किती बसायचं हा निर्णय त्या क्षणावर सोडता येत नाही. तो कोरड्या दिवशी, चावडीवर, बोटीवर रंगाने आकडा लिहून करून ठेवायचा असतो. पहिल्या फेरीला कोण, कुणाकडे तान्हं मूल, कोण अंथरुणाला, कुणाच्या गोठ्यात किती जनावरं, हे जूनमध्ये कागदावर हवं. गोठ्याचा हिशेब यासाठी, की माणसं मागे राहतात ती कितीदा म्हशीपायी. जनावरं ४० फुटांच्या आधी वरच्या गावी गेली तर मालकही त्यांच्यामागे जातो.

आणि आकडा लिहिला तरी तो पाळायला एक माणूस लागतो, ज्याचा शब्द मोडायचा नाही असं गावाने आधीच ठरवलेलं असेल. तो बोट चालवणारा नसावा, कारण चालवणाऱ्यावर समोर उभ्या माणसाचा दबाव येतो. तो काठावरचा असावा, मोजणारा. विहिरीवरच्या थोरल्या भावासारखा, थोडा कडक.

पुराचं पाणी कोयनेच्या पाण्याहून वेगळं ते आणखी एका अर्थाने. त्याच्याखाली आपलं गाव असतं. पलूस-तासगावच्या पट्ट्यात द्राक्षबागा आहेत, म्हणजे पाण्याखाली ओळीने लोखंडी अँगल आणि ताणलेल्या तारा. ऊस आडवा पडलेला असतो, त्याची पानं पंख्याला गुंडाळतात. केंदाळ येतं, वाळत घातलेल्या साड्या येतात, ठिबकच्या नळ्या येतात. इंजिन बंद पडलं की बोट प्रवाहाच्या ताब्यात. म्हणून इंजिनाच्या बोटीतही दोन वल्ही आणि एक धारदार कोयता हवाच. वर बघितलं तर विजेच्या तारा. एरवी जमिनीपासून वीस फुटांवर असणाऱ्या तारा पाणी पंधरा फूट चढल्यावर बोटीत उभ्या माणसाच्या कपाळाच्या उंचीला येतात. पुरात वीज बंद केलेली असते असं सगळे म्हणतात. कुठला फीडर बंद आहे हे विचारून घेणारा एक माणूस नेमावा, बाकीच्यांनी तार जिवंत आहे असं धरून चालावं.

झाडं दिसायला आधाराची, पण वाहत्या पाण्यात सर्वांत फसवी. पाणी फांद्यांमधून आरपार जातं, बोट जात नाही, ती फांद्यांना आडवी टेकते आणि वरच्या अंगाने पाणी तिच्यावर चढायला लागतं. अशा वेळी घाबरून सगळे झाडापासून लांब, म्हणजे प्रवाहाकडच्या काठाला सरकतात, आणि तोच काठ बुडायला आलेला असतो. सरकायचं ते झाडाच्याच बाजूला. मन उलटं सांगतं म्हणून हे आधी ऐकून ठेवायला हवं. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो, त्यामुळे काल जिथून बोट गेली तिथून ती आज जाईलच असं नाही.

प्रवाहात पडलात तर उताणं व्हा, पाय पुढे आणि वर, प्रवाहाच्या दिशेने. दगड, खांब काही आलं तर आधी तळवे लागू देत, डोकं नको. उभं राहायचा प्रयत्न करू नका, पाय तारेत अडकला की पाणी माणसाला तिथेच वाकवतं. हाताने मागे पाणी मारत तिरपं काठाकडे सरकायचं. हे सगळं उताणं तरंगता येण्यावर उभं आहे आणि आमच्याकडे पोहणाऱ्या कितीतरी जणांना नेमकं तेच येत नाही. ते हातपाय मारतात, तरंगत नाहीत. कान पाण्यात बुडू द्यायचे, हनुवटी वर, पोट वर, छातीत हवा. शवासन येणाऱ्याला हे दोन दिवसांत येतं.

सराव हा शब्द गंभीर वाटतो म्हणून एक खेळ सांगतो. नारळी पौर्णिमेला कृष्णेत नारळ पडतातच. त्यातला एक, न सोललेला, बोटीतून टाका आणि ओरडा, 'माणूस पडला!' नारळ पाण्यात माणसाच्या डोक्याएवढाच दिसतो, म्हणजे फारसा दिसतच नाही. एकाने फक्त त्याच्याकडे बोट रोखून धरायचं, नजर हलवायची नाही, दुसरं कुठलंही काम करायचं नाही. चालवणाऱ्याने वळसा घेऊन खालच्या अंगाने, प्रवाहाला सामोरं यायचं, म्हणजे बोट पाण्यावर थांबवता येते. नारळ हाताच्या अंतरावर आला की इंजिन बंद, कारण खऱ्या माणसाचे पाय पंख्याजवळ असतील. पहिल्या खेपेला नारळ औदुंबरला जाऊन लागतो. दहाव्या खेपेला हातात येतो. सांगलीवाडीपासून खालीवर कितीतरी गावांत होड्यांच्या शर्यतींचा नाद आहे, वल्ही मारणारे दंड आहेत. त्या शर्यतींत एक फेरी नारळाची ठेवली तर बक्षीस मी देईन.

काठावरच्या माणसांसाठी दुसरा खेळ. पाच लिटरच्या रिकाम्या कॅनमध्ये पेलाभर पाणी घाला, बूच घट्ट लावा, मुठीला पंधरा-वीस मीटर दोर बांधा. पूर्ण रिकामा कॅन वाऱ्याने भरकटतो, पेलाभर पाण्याने तो नेमका जातो. घाटावर उभं राहून टायर तरंगत सोडायचा आणि त्याच्या पलीकडे, जरा वरच्या अंगाला कॅन टाकायचा. दोराचं दुसरं टोक पायाखाली दाबलेलं हवं. पहिल्या दिवशी निम्मे लोक दोरासकट कॅन नदीला अर्पण करतात. बुडणाऱ्याला वाचवायला अंगानिशी उडी घेणारे आपल्याकडे शूर ठरतात आणि त्यांतले काही त्याच्याबरोबरच जातात. दोर टाकणाऱ्याचा सत्कार मी अजून पाहिलेला नाही.

बाहेर काढलेल्या माणसाचं पोट दाबून पाणी काढणं, उलटं टांगणं, कुंभाराच्या चाकावर घालून फिरवणं, हे सगळं बंद व्हावं. पोटातलं पाणी त्याला मारत नसतं, हवा न मिळणं मारतं. श्वास थांबला असेल तर तोंडाने श्वास देणं आणि छातीवर दाब, हे लगेच, काठावरच. १०८ ला फोन दुसऱ्याने करायचा. तो नंबर आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ फोनमध्ये असावा, फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत असावा, आणि कोयनेच्या पट्ट्यात बऱ्याच ठिकाणी रेंज नसते म्हणून काठावर कुणालातरी परतायची वेळ सांगून ठेवलेली असावी. इतकी वाजली आणि आलो नाही तर शोधायला लागा. पृथ्वीप्रदक्षिणा करणारेही शेवटी हेच करतात.

प्रदक्षिणेचं नाव निघालं म्हणून दिलीप दोंद्यांबद्दल. नौदलातल्या या अधिकाऱ्याने 'म्हादेई' या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, असं करणारा पहिला भारतीय. ऑगस्ट २००९ ला मुंबईहून निघाले, मे २०१० ला परतले. आपण या नऊ महिन्यांचं कौतुक करतो. मला त्याआधीची तीन वर्षं जास्त मोलाची वाटतात. २००६ मध्ये हे काम त्यांच्याकडे आलं तेव्हा अशी मोहीम देशात कुणी केलेलीच नव्हती. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात नौका बांधली गेली, आणि ती बांधली जात असताना दोंदे तिथे होते. कुठली नळी कुठून जाते, कुठला बोल्ट कशाला धरतो, हे त्यांना ठाऊक असल्याने दक्षिण महासागरात काही मोडलं तर ते दुरुस्त करणारा माणूस बोटीवरच होता. नंतर लांबच्या चाचणी-सफरी झाल्या, आणि मग प्रदक्षिणा. लोक विचारतात, एकट्याला भीती वाटत नाही? बामणोलीचा नावाडी जॅकेटची बक्कलं ओढून बघत होता, त्याच जातीचं हे काम, फक्त तीन वर्षांचं.

त्या सकाळी आम्ही बसल्यावर दोन मुलं पळत आली. पुण्याची असावीत. त्यांचा ग्रुप पुढे गेला होता. "दोघंच आहोत दादा, घ्या की, पैसे पूर्ण देतो." आम्हीही सरकून जागा केली, आपल्याकडे ते सौजन्य असतं. नावाड्याने आमच्याकडे पाहिलंही नाही. "पुढची बोट हाय, तासाभरात." मुलं गयावया करू लागली, आमच्यातला एकजण त्यांच्या बाजूने बोलू लागला. नावाड्याने दोर सोडला आणि बोट ढकलली. रागावला नव्हता, समजावतही बसला नाही. रोज कुणीतरी असं येतच असणार.

परतीला दुपार टळली होती. खोऱ्याच्या तोंडाशी पाणी खरबरीत दिसू लागलं, म्हशीच्या पाठीसारखं. नावाड्याने मधला रस्ता सोडला आणि बोट डाव्या काठाला घातली, झाडांच्या सावलीसावलीने. मी विचारलं, "मामा, लांबून का?" तो मागे न बघता म्हणाला, "लांब कुठं? काठ जवळ हाय न्हवं." अर्धा तास जास्त लागला. धक्क्याला लागल्यावर त्याने एकेकाचं डोकं बोटाने मोजलं, अकरा, आणि मग जॅकेटं गोळा करून दोरीवर उलटी वाळत घातली. सकाळी बाजूला टाकलेल्या दोनांपैकी एकाला त्याच्या बायकोने दुपारी नवीन बंद शिवून ठेवला होता. तो त्याने दोन्ही हातांनी ओढून पाहिला.